मोरोक्कोवाल्या काकू

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षर तर कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे हातात लाटणंच राहिलं. पण काकूंबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांना वेळ नाही, म्हणून मीच लिहिते.

लेस्टरमधली मराठी मंडळी त्यांना मोरोक्कोवाल्या काकू म्हणत. आयुष्यभर त्या हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे डॉक्टर, गेल्यावर त्या पहिल्यांदा एकट्याच मोरोक्कोला गेल्या. का गेल्या विचारलं तर एवढंच सांगायच्या, "फेब्रुवारी होता, आभाळ पोतेऱ्यासारखं झालं होतं आणि तिकीट स्वस्त होतं." मग दर वर्षी जाऊ लागल्या. बारसं असो की सत्यनारायण, प्रसादाची वाटी हातात धरून त्या फेझ शहरातल्या गल्ल्या सांगत बसायच्या. मंडळातलं कुणी तिकडे निघालं की आधी काकूंना फोन व्हायचा.

फोनवरचा सल्ला ठरलेला होता. राहायचं कुठे? "ज्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत असतील तिथे खोली मागा. कपडे वाळतायत म्हणजे घरात बाई आहे." जेवायचं कुठे? "जिथे पातेल्यावरचं झाकण तुम्हाला उचलू देतात तिथे. झाकणावर हात ठेवून नुसतं हसतात, तिथून उठा." आणि फोटो? "आधी बसा. चहा घ्या. मग विचारा. नाही म्हणाले तर कॅमेऱ्याचं झाकण लावा आणि अजून एक चहा घ्या. फोटोसाठी आग्रह करायचा नसतो. आग्रह जेवणाचा करावा." एकदा एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अहो काकू, पण तिथे फोर स्टार काही आहे की नाही?" काकू म्हणाल्या, "गच्चीवर झोपा, हवे तेवढे मोजा."

मी बेलग्रेव्ह रोडवरच्या एका फरसाणाच्या दुकानात मागच्या बाजूला पोळ्या लाटायचे. काकू दर शनिवारी पोळ्या न्यायला यायच्या, त्या काउंटरवर न थांबता सरळ आत माझ्यापाशी. मी फार बोलत नसे. बसमध्येसुद्धा आपला स्टॉप आला की बेल दाबायची मला लाज वाटायची. दुसरं कुणी दाबेल म्हणून वाट बघायची, नाहीच दाबली तर पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत यायचं. फोटोचं तर विचारूच नका. लग्नानंतर लगेच काढलेल्या एका फोटोत माझे डोळे मिटलेले आले, त्यावर नणंद म्हणाली होती, "हिच्यामुळे सगळा फोटो वाया गेला." तेव्हापासून फोटोची वेळ आली की मी सगळ्यांचे कोट आणि पर्सा धरून बाजूला उभी राहायचे. कोट धरायला कुणीतरी लागतंच.

एका शनिवारी काकू म्हणाल्या, "शालन, यंदा माझ्याबरोबर चल. गुडघे ऐकत नाहीत, जिने चढायला खांदा लागतो."

"मी? काकू, मला बोलता कुठे येतं कुणाशी?"

"बोलकी बाई नकोच आहे मला. बोलायला मी आहे."

घरी सांगितलं तर हे हसायलाच लागले. "बसची बेल दाबत नाहीस तू, आणि विमानात बसून मोरोक्कोला?" पण नको म्हणाले नाहीत.

तिकिटाचे पैसे काकूंनी घातले. मी संकोचले, तर म्हणाल्या, "उसने देतेय. दर शनिवारी जमतील तेवढे फेड. दानाच्या सहलीत माणूस सामान उचलतं, उसन्याच्या सहलीत खिडकीशी बसतं." आणि विमानात त्यांनी मला खरंच खिडकीशी बसवलं.

वाटेत त्यांनी मनातलं सांगितलं. ही त्यांची शेवटची खेप होती. फेझमध्ये त्या दर वर्षी खदिजाबाईंच्या घरी उतरायच्या. त्यांच्या अंगणाचे, मांजराचे, दारातल्या चपलांचेसुद्धा फोटो काकूंकडे होते, पण खदिजाबाईंचा एकही नव्हता. दर वर्षी विचारायच्या, आणि दर वर्षी त्या बाई हात हलवून नाही म्हणायच्या. "माणूस दूर गेलं ना, की आधी त्याचा चेहरा पुसला जातो," काकू म्हणाल्या. "आमच्या डॉक्टरांचा आवाज अजून कानात आहे. चेहरा मात्र फोटो बघितल्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. खदिजाचं तसं होऊ नये, एवढंच."

आम्ही पोचलो तेव्हा तिकडे रमजान चालू होता. खदिजाबाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, हाताने खरखरीत, आणि माझ्याइतक्याच मुकाट. दुपारी त्या स्वयंपाकघरात कणकेचा गोळा तेल लावून पातळ पसरत होत्या आणि घड्या घालत होत्या. मी दारातून बघत राहिले. आपली घडीची पोळीच की! न विचारताच मी बाही सारून खाली बसले. त्यांनी माझी घडी पाहिली, मान हलवली आणि परात माझ्याकडे सरकवली. आम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी पोळ्या झाल्या. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वा! मला इतक्या वर्षांत इथे कांदासुद्धा चिरू दिला नाही हिने."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी संकष्टी होती. मी लहानपणापासून संकष्टी करते, ती परदेशात कशी मोडायची? दिवसभर मी काही खाल्लं नाही, तर खदिजाबाईंना वाटलं मी त्यांच्याबरोबर रोजाच धरलाय. त्या इतक्या खूश झाल्या की संध्याकाळी भोंगा वाजताच पहिला खजूर माझ्यापुढे धरला. मी मान हलवून आकाशाकडे बोट दाखवलं. त्या घाबरल्याच. मग काकूंनी आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत समजावलं, की हिचा उपवास सूर्यावर नाही, चंद्रावर सुटतो.

खदिजाबाईंनी खजूर आणि दूध घेतलं. घरातले पुरुष जेवून मशिदीत गेले. पण त्यांनी स्वतःच्या सुपाच्या वाडग्यावर ताटली झाकली, माझ्याही झाकली, आणि दोन्ही घेऊन गच्चीवर आल्या. मी हातानं कितीदा खुणावलं, जेवा, जेवा. त्या ढिम्म हलल्या नाहीत. काकू हसून म्हणाल्या, "राहू दे गं. ती म्हणतेय, दिवसभर उपाशी दोघी होतो, मग जेवायचं एकटीनं कसं?"

चंद्र आधी त्यांनाच दिसला. समोरच्या घराआडून वर आला तशा त्या ओरडल्याच आणि माझा दंड धरून मला फिरवलं. माझ्याकडे दूर्वा नव्हत्या, फूलही नव्हतं. चहाच्या पेल्यात पाणी घेतलं, पुदिन्याची काडी घातली आणि अर्घ्य दिलं. नैवेद्याला त्यांची मधातली तिळाची मिठाई. मग आम्ही झाकणं काढली. सूप गार झालं होतं, पण तसं सूप मी नंतर कधी प्यायले नाही.

जेवण झाल्यावर काकूंनी दर वर्षीसारखं विचारलं. कॅमेरा पिशवीतच होता. खदिजाबाई नेहमीसारखा हात हलवायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग आपल्या शेजारच्या गादीवर हात थोपटला. ही बसली तर मी बसते.

मी सवयीने काकूंची शाल उचलून जिन्यापाशी जाऊन उभी होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं. बस म्हणाल्या नाहीत, माझ्यासाठी एवढं कर म्हणाल्या नाहीत. खदिजाबाईंनी गादी थोपटताच त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढून झाकण उघडलं होतं, ते परत लावायला त्यांचा हात चाललेला मला दिसला. आग्रह करायचा नाही, हा त्यांचा नियम त्यांनी त्या वेळीही मोडला नाही. मोडला असता तर मी बसले नसते.

मी शाल खाली ठेवली आणि जाऊन बसले. जिन्यावरच्या दिव्याचा उजेड आमच्यावर पडत होता. "श्वास धरा दोघी," काकू म्हणाल्या. नेमकं तेव्हाच खदिजाबाईंनी माझ्या मांडीवर चापट मारली आणि मला हसू फुटलं.

लेस्टरला आल्यावर रोल धुऊन आला, तशा काकू पोळ्यांचा वार नसतानाही दुकानात आल्या. फोटो थोडा हललेला होता. खदिजाबाईंचा चेहरा मात्र स्वच्छ, आणि माझे डोळे उघडे. "बघ," एवढंच म्हणाल्या. एक प्रत त्यांनी फेझला पाठवली, एक मला दिली, आणि एक डॉक्टरांच्या फोटोशेजारी लावली.

मग मी दर शनिवारी पोळ्यांबरोबर पाच-दहा पौंड द्यायचे. काकू ते मोजून चहाच्या डब्यात टाकायच्या. "राहू दे गं" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांचं हे मोजणं मला फार आवडायचं. पुढे गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं, मग हृदयाचं दुखणं निघालं, आणि एका फेब्रुवारीत, आभाळ पोतेऱ्यासारखं असताना, त्या गेल्या. थोडे पैसे फेडायचे राहिले होते.

काही महिन्यांनी त्यांचा मुलगा निखिल बर्मिंगहॅमहून घर आवरायला आला, तेव्हा मी उरलेले पैसे घेऊन गेले. बसमध्ये बेल मीच दाबली. निखिल इथेच जन्मलेला. तो म्हणाला, "शालनमावशी, मी फेझला जातो आहे. खदिजाला सांगायला पाहिजे, आई गेला ते. मला काहीच माहीत नाही. हॉटेल कुठला बुक करू?"

"हॉटेल नको," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला नवा वाटला. "खदिजाबाईंकडेच उतर. जिना अरुंद आहे, डोकं सांभाळ. बाहेर जेवलास तर झाकण उचलून बघ. आणि फोटो काढायचा असेल तर आधी बस, चहा घे. आग्रह करू नको."

मग मी पैसे पुढे केले. तो मागे सरला. "नो, नो, मावशी. राहू दे ना, प्लीज."

"तुझी आई कधी राहू दे म्हणाली नाही. तू कसं म्हणतोस?"

त्याने चहाचा डबा काढला, टेबलाशी बसला आणि डोळे पुसत एकेक नोट मोजली. शेवटची नोट डब्यात टाकून झाकण लावलं.

"झाला, मावशी," तो म्हणाला. "सगळा फिटला."