खाऱ्या बांगड्यांचं खत

फुकट मिळालेली वस्तू चांगलीच असते, असं मानणाऱ्या माणसांचं एक गाव वसवलं, तर त्याचा सरपंच आमच्या बोईसरच्या इमारतीतून बिनविरोध निवडून जाईल. तिसऱ्या मजल्यावरचे काका. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, मग निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, हे आमच्या गच्चीला लागले.

रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा एक सल्ला येऊन पडायचा. कुंडी विकत घेऊ नका, भंगारवाल्याकडून कारखान्यातली निळी पिंपं आणा आणि अर्धी कापा. पिंपात आधी काय होतं? ‘सोड्याने धुतलं की झालं.’ त्या पिंपातली वांगी ते घरोघर वाटायचे आणि मी ती हसतमुखाने घेऊन कचऱ्यात टाकायचे. चहाचा चोथा घाला म्हणाले, पण तो आधी धुवावा लागतो हे त्यांना कुठे ठाऊक! निम्म्या इमारतीच्या कुंड्यांत मुंग्या झाल्या. केळ्याच्या साली कुजवलेल्या पाण्याच्या बाटल्यांमुळे तर जिन्यातून नाक धरून जावं लागायचं. अंड्याची टरफलं बारीक न करता तशीच टाकायची, कारण ‘झाड हळूहळू खातं.’ आणि सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे रोप कधी विकत घेऊ नये, दुसऱ्याच्या कुंडीतून गुपचूप तोडून आणावं. चोरलेलं रोप जोमानं वाढतं. हे सांगताना स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन ते हसायचे.

मी शिरगावच्या वाडीत वाढलेली. माझ्या वडिलांचा पानमळा होता. बाबा स्वतः ठिगळाचा सदरा घालायचे, पण वेलीच्या तोंडची पेंड त्यांनी कधी कमी केली नाही. काटकसर मी त्या घरात पाहिली. काकांची ती नुसती चिकटपणाची हौस होती, आणि तिला पर्यावरण, निसर्ग अशी भारी नावं दिली की इमारतीतल्या बायका माना डोलवायच्या. मला त्या मानांचाही राग यायचा.

एका पावसाळ्यात बाबांचा मळा सडला. मुळं कुजण्याचा रोग आला आणि वेली बघता बघता काळ्या पडून खाली बसल्या. बाबांनी सगळा मळा उपटून जाळला, जमीन मोकळी ठेवली. पण त्याआधी कधीतरी मी त्याच मळ्यातलं एक बेणं, म्हणजे वेलीचा कापलेला तुकडा, बोईसरला आणून मातीच्या कुंडीत लावलं होतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली शेवग्याच्या काठीवर ती वेल चढली होती. बाबांच्या वेलीचं तेवढंच एक मूळ जगात उरलं होतं.

शेजारच्या वाडीतून बेणं घ्या, असं बाबांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते ऐकेनात. ‘आपलं पान तिखट हाय, जिभेला कळतं. दुसऱ्याचं लावून मी काय करू?’ जमीन निवली तशी त्यांनी वाफे केले, सावलीसाठी शेवरी लावली. एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे गेलेले, तरी रोज कुदळ घेऊन वाडीत. श्रावणात उघडीप पडली की माझ्या कुंडीतली वेल कापून न्यायची, असं ठरलं होतं.

त्याआधी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पालघरला झालं आणि मी शिरगावला जाऊन राहिले. गच्चीची किल्ली काकांकडे असायची, म्हणून वेलीचं त्यांनाच सांगणं भाग होतं. मी बजावून सांगितलं, ‘माती सुकली तरच पाणी घाला. साधं पाणी. दुसरं काही नको.’ काका म्हणाले, ‘निर्धास्त जा.’

परत आले तेव्हा कुंडीभोवती मांजरं बसली होती. वेलीची पानं कडेने करपून गळली होती, देठ काळे पडले होते, आणि मातीवर पांढरी साय धरली होती. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट. समुद्राकाठच्या मुलीला ती चव सांगावी लागत नाही.

काका छाती काढून आले. ‘मासळीच्या पाण्यासारखं खत नाही. बाजारातल्या कोळणीने सांगितलंय मला.’

कोळणीने खरं तेच सांगितलं होतं. ताजी मासळी धुतलेलं पाणी झाडाला चांगलंच. पण पावसाळ्यात होड्या बंद, ताजी मासळी महाग, म्हणून काकांच्या घरी खारे बांगडे. ते भिजवल्यावर त्यांचं मीठ उतरलेलं पाणी या गृहस्थाने रोज माझ्या वेलीला पाजलं होतं, आणि शेडमुळे पावसाचा थेंबही ते मीठ धुवायला आला नव्हता. गावातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. घाटावरून कोकणात पोटापाण्यासाठी यायचं, इथली मासळी चापून खायची आणि मीठ कशात असतं एवढंही शिकायचं नाही!

संध्याकाळी बाबांचा फोन आला. ‘बाय, वेल कशी हाय? वाफे भिजवून ठेवलेत.’ येते, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून रडले.

मग चप्पल घालून तिसऱ्या मजल्यावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी मनसोक्त भांडायचं ठरवलं होतं. दार काकूंनी उघडलं. त्यांच्या मागे, बाल्कनीत, माझी वेल उभी होती.

तेच पान, तोच गडद रंग. विकत आणलेली मातीची कुंडी, तिच्याखाली दुकानातली पेंडीची पिशवी. काकूंनी माझ्या नजरेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘गेल्या वर्षीच तुमच्या वेलीचा तुकडा आणला होता ह्यांनी. इथल्या वेलीला ते बांगड्यांचं पाणी नाही घालत. घरात वास येतो ना.’

मी कात्री मागितली. काकूंनी आणून दिली. मी बेण्याजोगं सगळं कापत असताना काका खालून आले आणि दारातच थबकले. ‘अहो, एखादं पेर घ्या, सगळी कशाला? अशी वेल विकत मिळत नाही.’ मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बुडखा तेवढा ठेवला, तोही काकूंसाठी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बेणं हातात घेतलं, पेरं चाचपली आणि मला विचारलं, ‘हे उनातान्हातलं नाय. खाल्लं-प्यालेलं हाय. कोणी जपलं?’

मी सगळं सांगितलं. चोरी, खारे बांगडे, पेंडीची पिशवी. मला वाटलं, बाबा शिव्या देतील. ते वाफ्यात बसून बेणं लावत राहिले. शेवटचं लावून झाल्यावर म्हणाले, ‘ज्याने बेणं राखलं त्याला पयल्या तोडीचं पान द्यायचं असतं. आमी देत आलो. चोर असला तरी द्यायचं.’

मळा लागला. वर्ष उलटल्यावर पहिली तोड झाली आणि बाबांनी केळीच्या पानात बांधलेली जुडी माझ्या हातात दिली. शिरगाव ते बोईसर ती जुडी मांडीवर घेऊन बसताना माझा जीव जळत होता. पण बाबांचा शब्द होता. तिसऱ्या मजल्यावर गेले, काकांच्या हातात जुडी दिली, कुणी आणि का पाठवली ते सांगितलं.

काकांनी पानं उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघत म्हणाले, ‘सुपारी नाही आणलीत?’