गोव्याच्या सुईणीचा अर्ज

आजही कोणी मला "तुमचं इंग्रजी काय फर्डं हो!" म्हणालं की तळपायाची आग मस्तकात जाते. चुलीत घाला ते इंग्रजी! त्याच इंग्रजीने मी एका म्हातारीच्या तोंडचा घास काढून घेतला.

ठाण्याच्या कचेरीत मी तर्जुम्याचा कारकून होतो. मराठी अर्ज आला की त्याचं इंग्रजी करून इंग्रज साहेबापुढे ठेवायचं. आम्ही इथलेच किरिस्तांव, कळव्याला बापजाद्यांची भातशेती. पण आडनाव पडलं पोर्तुगीज. त्यावरून शिरस्तेदार, आमचा वरचा कारकून, मला भर कचेरीत "काय फिरंगी!" म्हणून हाक मारायचा आणि सगळे खिदळायचे. मीही हसायचो. निर्लज्जासारखा हसायचो.

एके दिवशी आमच्या सुईणीचा अर्ज आला. बाई मूळची गोव्याची, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यातली. लग्न होऊन आली ती इथेच राहिली, इथेच विधवा झाली. कळव्यापासून कोपरीपर्यंत निम्मी वस्ती तिच्या हातांवर जन्माला आलेली. मीसुद्धा. मी पायाळू, पाय आधी बाहेर आलेले. आई सांगायची, बाकीच्या बायांनी आशा सोडली होती. हिने मला सोडवलं, तोंडात फुंकर घालून रडवलं. पायाळूची लाथ बसली की पाठीची उसण जाते म्हणतात, त्यामुळे लहानपणापासून अख्खा गाव माझ्यापुढे पालथा पडायचा. तिलाही उसण भरायची. लाथ मारून घेतली की म्हणायची, "हा पाय मीच जगात आणला हो! पहिला हक्क माझा."

आता तिचे गुडघे गेले होते, घरोघर फिरणं होईना. सरकारी दवाखान्यात दाईची जागा निघाली होती, सोबत राहायला खोली. ती मिळाली तर म्हातारपण निभणार होतं. अर्जात एक ओळ होती: 'मी मूळची गोव्याची, गेली तीस वर्षं ठाण्यात.'

शिरस्तेदार माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाला, "वा! फिरंग्याची मावशी आली वाटतं. आता हिला कोणता शब्द लावताय, बघू तरी!"

परक्या माणसाला इंग्रजीत शब्द तीन होते. स्ट्रेंजर म्हणजे अनोळखी; ती ठाण्यात कुणाला अनोळखी होती? फॉरेनर म्हणजे दुसऱ्या मुलखातली. हे खरं होतं, आणि तेवढ्यावर साहेबाने अर्ज फेकला नसता. एलियन म्हणजे दुसऱ्या राजाची प्रजा, आपलं सरकार जिचं काही देणं लागत नाही अशी. मला फरक ठाऊक होता, अगदी पुरता ठाऊक होता! चुकून लिहिलं असतं तर आज माझा मला एवढा राग आला नसता. साहेबाला कळावं की ती वेगळी आणि मी वेगळा, म्हणून मी एलियन लिहिलं, वळणदार अक्षरात. वर तीस वर्षांची गोष्ट गाळून टाकली. भेकड कुठला!

साहेबाने त्याच शब्दाखाली रेघ मारून अर्ज फेटाळला. आणि शिरस्तेदार? दुसऱ्या दिवशी पुन्हा "काय फिरंगी!" म्हणालाच.

उत्तराचा कागद घेऊन ती माझ्याच घरी आली, उंबऱ्यावर टेकली. इंग्रजी वाचून दाखवणारा तिच्या हक्काचा मी एकटाच.

"काय लिहिलंय रे?"

"तू इथली नाहीस म्हणून जागा नाही म्हणतात."

"साहेब तर नवा आहे. मी तर तीस वर्षं ठाण्यात म्हणून लिहिलं होतं. मी इथली नाही असं त्याला कोणी सांगितलं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडेच बघत होती. "मी," म्हणालो.

तिने कागदाची घडी घातली, कनवटीला लावली आणि चौकट धरून उठायला लागली. अर्ध्यातच कण्हत थांबली. उसण भरली होती. मी मूर्ख, घाईघाईने म्हणालो, "मावशे, पालथी पड, पाय लावतो."

"पायाळूची लाथ पाठीवर मारतात, बाबा," ती म्हणाली. "तू पोटावर मारलीस."