जहाजावर मला पंचवीस पूर्ण झाली

आमच्या कंपनीत एक जूनला अकरा जणांचा वाढदिवस असतो. चाकणला पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपच्या दारात एक फळा आहे. त्या दिवशी त्यावर अकरा नावं एकाखाली एक लिहिली जातात, केक मात्र एकच येतो. शहरात वाढलेल्या एचआरच्या मॅडमना पहिल्या वर्षी वाटलं, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घोळ झालाय. घोळ होताच, पण कॉम्प्युटर बिचारा निर्दोष होता. परभणी, बीड, लातूरकडच्या खेड्यांत शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख बापाला सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, पोराचं वय बरोबर बसतं, पुढची कटकट मिटते. अशा गुरुजींच्या कृपेने आम्ही अकरा जण जुळी भावंडं झालो.

माझ्या बाबतीत गुरुजींना दोष देता येत नाही. वडील मला शाळेत घेऊन गेले ते सकाळीच कुणीतरी पाजलेलं असताना. गुरुजींनी तारीख विचारली तर म्हणाले, "लिहा की तुमच्या हातानं कायबी." आईच्या म्हणण्याप्रमाणे मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. म्हणजे कागदावर मी खऱ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा, आणि ते तीन महिने दारूने वाढवलेले.

वडील वाईट नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही, राग तर मला अजूनही येतो. पण ते एकटे कधीही प्यायले नाहीत. कुणी हाक मारली की जायचे. कुणी पेला पुढे केला की घ्यायचे. त्याला वाईट वाटेल, एवढंच त्यांचं कारण. गावात त्यांच्याइतका लाडका माणूस नव्हता, आणि त्या लाडापायी ते चाळिशीच्या आत गेले. मी बारा वर्षांचा होतो. आई मला घेऊन काळेवाडीला तिच्या भावाकडे आली आणि एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला लागली.

आईने मला कधी शपथ घातली नाही, की दारूचं नावही काढलं नाही. मी आयटीआय करून चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हापासून एवढंच व्हायचं: दुपारी शिफ्ट सुटून घरी आलो की ती दारातच अगदी जवळ येऊन विचारायची, "जेवलास का?" कंपनीत जेवण मिळतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती जवळ कशासाठी येते हे मलाही ठाऊक होतं. मी मुद्दाम लांब श्वास सोडून "जेवलो" म्हणायचो, मग ती बाजूला व्हायची.

मला दारूची भीती कधीच वाटली नाही. भीती होती ती माझ्या स्वभावाची, कारण तो सगळा वडिलांवर गेलाय. मला नाही म्हणता येत नाही. चहा नको असला तरी मी पितो. सुपरवायझरने नुसतं "भावा, जरा थांबतोस का" म्हटलं म्हणून मामेबहिणीच्या हळदीच्या दिवशी मी डबल शिफ्ट केलेली आहे, आणि मामीचा अबोला सहा महिने सोसला आहे. असल्या माणसापुढे कुणी प्रेमाने ग्लास धरला तर काय होणार, हे मी माझ्या घरात पाहिलेलं होतं.

माझी सुटका केली सरकारने. महाराष्ट्रात पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय दारू पिता येत नाही, हे मला कासारवाडीच्या एका मित्राच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं आणि मला आकाश ठेंगणं झालं. कुणी आग्रह केला की मी हात जोडून म्हणायचो, "अजून पंचवीस नाहीत राव, कायद्यात बसत नाही." लोक पोट धरून हसायचे. बिअरला एकवीस चालतात, असं एका वकिली डोक्याच्या मित्राने शोधून काढलं, तेव्हा बिअरने माझं पोट बिघडतं असं मी जाहीर केलं. हसता हसता विषय टळायचा आणि कुणालाही वाईट वाटायचं नाही. दरवर्षी माझं वय एकेक वर्षाने वाढतंय, एवढीच काय ती त्यात गोम होती.

गेल्या काही वर्षांत आमच्या शेठने कंपनीला चांगले दिवस आणले. शेठ चाकणजवळच्या जुन्या शेतकरी घरातले. जिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी डुलायची तिथे आज आमचं शेड आहे. एका वर्षी ग्राहकाकडून एकही पार्ट नापास होऊन परत आला नाही. शेठने सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "औंदा समद्यांनी जहाजात बसायचं." मुंबईहून निघून दोन दिवस समुद्रात फिरून परत यायचं होतं. पावसाळ्यापूर्वीची ती शेवटची फेरी असल्याने तीस जणांचीच सोय झाली. निघायची तारीख एकतीस मे होती. मी मनात दिवस मोजले. दुसऱ्या दिवशी भर समुद्रात मला कागदोपत्री पंचवीस पूर्ण होणार होती.

बंदरावर जहाजात चढण्याआधी ओळखपत्रं तपासायला एक मुलगी बसली होती. अकरांपैकी आम्ही सात जण या सहलीला होतो आणि नेमके एका रांगेत उभे होतो. पहिल्याचं आधार बघून तिने कौतुकाने "उद्या वाढदिवस!" म्हटलं. दुसऱ्याला जरा कमी कौतुकाने म्हटलं. चौथ्यापाशी तिचा चेहरा बदलला आणि तिने सगळी कार्डं एकत्र करून आपल्या साहेबाला हाक मारली. बनावट आधार घेऊन सात जण जहाजात शिरतायत अशी तिची खात्रीच झाली असणार. साहेबाने कार्डं पाहिली, आमचे चेहरे पाहिले आणि तो म्हणाला, "सोड गं त्यांना. माझाही एक जूनच आहे."

जहाजावर प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. खोलीचं दारही त्याने उघडायचं आणि खाणंपिणंही त्याच्यावरच. बारच्या काउंटरवर पाटी होती की पंचवीस पूर्ण असल्याशिवाय दारू मिळणार नाही. त्यावरून संध्याकाळी आमच्या मंडळींनी बारवाल्याशी चांगलाच वाद घातला. महाराष्ट्र तर मागे राहिला, पाण्यात कसला आलाय महाराष्ट्र, असा मुद्दा निघाला. बारवाला गोव्याचा, शांत माणूस. त्याने सांगितलं की त्याच्या गावाकडे अठरा चालतात, बाहेरच्या जहाजांवर कुठे अठरा तर कुठे एकवीस, काही ठिकाणी तर जहाज कुठल्या देशाच्या किनाऱ्याला आहे त्यावर नियम फिरतो. "पण या जहाजावर पंचवीस," तो म्हणाला आणि माझं कार्ड यंत्रावर ठेवून त्याने दाखवलं. लाल दिवा लागला. सगळ्यांनी हुर्यो केली. मी चेहरा पाडून दाखवला आणि मनातल्या मनात त्या दिव्याला नमस्कार केला.

"उद्या बघू," मामा म्हणाले. मामा म्हणजे आमच्या प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने कामगार, सेहेचाळीस वर्षांचे, परभणीकडचे, आणि एक जूनवाल्यांतले ज्येष्ठ. कंपनीतली एकही पार्टी मामांशिवाय झालेली नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "उद्या भाच्याला सुटका नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आईला फोन लावायचा प्रयत्न करत होतो. तिला काय सांगणार होतो कुणास ठाऊक. समुद्रात रेंज नव्हती. आजारी पडल्याचं सोंग घ्यावं असंही एकदा वाटलं. पण जेवायच्या हॉलमध्ये मी सगळ्यांसमोर तीन वेळा पुरी घेतली होती, तेव्हा तोही मार्ग बंद झाला.

दुपारी जेवणानंतर शेठने आम्हा सात जणांना वरच्या मजल्यावर पोहण्याच्या तलावाशेजारच्या बारपाशी बोलावलं. बाकीचेही गोळा झाले. केक कापून झाला. शेठ खूश होते, आणि त्यांचं खूश होणं खोटं नव्हतं. आमच्यातल्या कितीजणांना बाप नाही हे त्यांना माहीत होतं. "ह्यो सगळ्यात धाकटा," माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले. "आज कायद्यानं मोठा झाला. पयला गिलास ह्याला, माझ्या हातानं."

बारवाल्याने माझं कार्ड यंत्रावर ठेवलं. हिरवा दिवा लागला. "हॅपी बर्थडे सर," तो हसून म्हणाला, "आजपासून चालेल." शेठने ग्लास उचलून माझ्यापुढे धरला. तीस माणसं टाळ्या वाजवत होती. माझा हात पुढे गेला. खरंच गेला, मी त्याला सांगितलं नव्हतं. बोटांना ग्लासचा गारवा लागला आणि मला रडू यायला लागलं, कारण वडिलांचा हात असाच पुढे जाताना मी पाहिलेला होता.

"शेठ, मला नको."

"आरं, आता कशाचं नको? वय झालं की!"

"वय झालं शेठ. पण मला प्यायचीच नाही."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी हसलं आणि मग तेही थांबलं. शेठच्या कपाळावर आठी चढली. तीस माणसांदेखत पुढे केलेला हात तसाच राहिला तर कुणालाही राग येईल, मलाही आला असता.

"मग येवढी वर्सं पंचविसाचं काय सांगत व्हतास?"

"खोटं नव्हतं शेठ. तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला जमत नव्हतं म्हणून कायदा पुढे करत होतो." आणि मग मी वडिलांचं सांगितलं. फार नाही, चार वाक्यं. ते कसे गेले, आणि प्रत्येक पेला त्यांना कुणीतरी प्रेमानेच दिला होता, एवढं.

शेठने ग्लास खाली ठेवला. "आमी आपलं आनंदानं देतो," ते म्हणाले. "समोरच्याला नको आसंल, ह्ये आमच्या ध्यानातच येत न्हाई." मग त्यांनी माझ्यासाठी लिंबू सरबत मागवलं, स्वतःसाठीही तेच घेतलं आणि मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवला. मला इतकं हलकं वाटलं की मी केकचे चार तुकडे खाल्ले.

चारच्या सुमाराला मी कठड्यापाशी उन्हात एकटाच उभा होतो. मामा आले. त्यांच्या हातात वाढदिवसाचा ग्लास होता, काठोकाठ भरलेला. माझ्याकडे न बघता ते कठड्याला टेकले. माझ्यावर रागावलेत असं मला वाटलं.

"एक विचारू का रे?" ते म्हणाले. "तू म्हणलास ना ते, नको म्हणून. म्हणल्यावर आतून काय होतंय?"

"पाय लटपटतात मामा."

"अन् मंग?"

"मग काही नाही. समोरचा सरबत मागवतो."

मी हसलो, पण मामा हसले नाहीत. "डॉक्टरनं सांगून दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "लिव्हर सुजलंय. बंद करा, नाहीतर पोरीचं लग्न बघायला राहणार नाही म्हणला. घरी कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवतो. पण कुणी गिलास पुढं केला की वाटतं, त्याला वाईट वाटंल. माझं वयाचं कारणबी कधीच संपलं बघ." तलावाकडून कुणीतरी "मामाऽ" म्हणून हाक मारली. त्यांनी तिकडे पाहिलं, मग ग्लासकडे, मग माझ्याकडे. "मला जमंल का रे?"

मी त्यांच्या हातातल्या भरलेल्या ग्लासकडे पाहिलं. कंपनीच्या पार्ट्यांत मी पीत नव्हतो, म्हणून बाटली नेहमी माझ्याच हातात असायची. सहा वर्षं मामांचा ग्लास रिकामा दिसला की तो भरत आलो होतो मीच, आणि हवी का, असं एकदाही विचारलं नव्हतं.