सिम्युलेटरमधला डावा बैल

मुंबईत सिम्युलेटरमध्ये मी दोनदा विमान पाडलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर ठेवलेली वैमानिकाची खोली. काटे खरे, आवाज खरा, मरण तेवढं खोटं. ऐन उड्डाणात मागे बसलेले शिक्षक डावीकडचं इंजिन बंद करायचे आणि विमान डावीकडे ओढ घ्यायचं. तेव्हा उजवं पेडल दाबायचं, एवढीच गोष्ट. माझा मेला डावा पाय जायचा.

"तिसऱ्यांदा चुकलात तर सामान बांधा," शिक्षक म्हणाले.

कारण मला ठाऊक होतं, पण सांगायची लाज वाटली. पिंपळगाव राजा या आमच्या गावी मी लहानपणापासून बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकलेली. डावा बैल रेंगाळला की बंडी डावीकडे जाते. मग धुरेवर बसल्या बसल्या डाव्या पायानं त्यालाच ढोसायचं. पायाला काय कळतं, पुढे बैल आहे की पेडल!

आठ दिवसांची रजा काढून गावी गेलो आणि थोरल्या भावाला सगळं सांगितलं. मी शिकावं म्हणून तो सातवीतून उठून शेतात राबायला लागला होता. त्याच्यापासून काय लपवायचं?

तो हसला नाही. म्हणाला, "सुस्त बैलाले टोचलं त तो चालते. मेलेल्याले टोचून काय होते बे? जिता हाये त्याच्या बाजूनं पाय दे."

एवढं साधं मला मुंबईत कुणी सांगितलं नव्हतं.

मग गोठ्यासमोर मी स्टुलावर बसायचो, पायांपुढे दोन विटा. भाऊ मागे कडबा तोडता तोडता मधेच म्हणायचा, "डावं मेलं." मी उजवी वीट दाबायचो. पोरगं मुंबईला जाऊन वाया गेलं, असं शेजारणी बोलायच्या. सातव्या दिवशी पाय आपोआप जायला लागला.

निघायच्या दिवशी तो मला बंडीनं खामगावच्या स्टेशनवर सोडायला निघाला. आज मी हाकतो, असा हट्ट मीच धरला. कशाला धरला कुणास ठाऊक. नाल्याच्या उतारावर डावा बैल अडखळला, बंडी डावीकडे ओढली गेली आणि माझा उजवा पाय उजव्या बैलावर बसला. तो झेपावला आणि बंडी काठावरून खाली गेली. मी मातीत पडलो. भाऊ चाकाखाली होता, डावा पाय चिरडलेला.

शेतातली माणसं धावली, त्याला बाजेवर घातलं. त्यानं माझा हात झटकला.

"तू काऊन थांबला? गाडी चुकन. जाय."

मी गेलो. दवाखान्यापर्यंतसुद्धा थांबलो नाही, मागून आलेली खामगावची एस.टी. धरली. त्याची माफी मला आजही मागता आलेली नाही.

मुंबईत डावं इंजिन बंद झालं, माझा उजवा पाय बसला आणि विमान सरळ राहिलं. "गेली तुमची खोड," शिक्षक म्हणाले.

पुढे सगळी नोकरी झाली, पण माझं एकही इंजिन हवेत बंद पडलं नाही. भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी सुटीवर गेलो की तो स्वतः बैल जुंपून मला स्टेशनवरून न्यायला यायचा. कासरा त्यानं पुन्हा माझ्या हाती दिला नाही, मीही मागितला नाही. डावा बैल रेंगाळला की तो काठीनं टोचायचा. मी मागे बसून ते बघायचो.