बेळगावला त्या दिवशी विमान नव्हतं

मंगळवारी बेळगावातल्या वडगावला माझा भाऊ वसंत वारला.

फोन आला तेव्हा मी निपाणीत होतो. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी तिथेच असतो. मिळेल त्या बसने निघालो. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, काकतीच्या चढावर बस थोडी रेंगाळली. एवढंच आठवतं. वडगावच्या गल्लीत वळलो आणि थांबलो. वसंताच्या घरातून मागांचा आवाज येत नव्हता. चार यंत्रमाग, साड्यांचे. मी त्या घरी जायचो ते त्या खडखडाटाच्या मागावर. आमच्या घराची रीत आहे, मयत झालं की मागांच्या खोलीचा मेन स्विच पाडायचा आणि बारावा झाल्यावरच वर करायचा. वडील गेले तेव्हाही पाडला होता. या वेळी शेजाऱ्यांपैकी कुणीतरी तो आठवणीने पाडला होता.

वसंताची एकुलती मुलगी मीना मलावीत असते, आफ्रिकेत. तिथल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट आहे. ती येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून संध्याकाळी वसंताला नेलं. मीनाला मात्र सांगितलं की आप्पांना दवाखान्यात ठेवलंय, निघ. आमच्याकडे असंच सांगतात. लांबच्या माणसाला खरी बातमी घरात आल्यावरच द्यायची.

"फोनवर सांगू नकासा भावजी," वहिनी म्हणाली. "एवढ्या लांबनं एकटी येणार. विमानात पोरीनं काय करावं? तुम्ही आणायला जा, आन् तुम्हीच सांगा. मला न्हाय जमायचं."

राख गुरुवारी सकाळी सावडायची होती. बुधवारी मुंबईहून सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. तेव्हा मीनाने गोव्यातल्या मोप्याचं तिकीट काढलं आणि बुधवारी सकाळी मी तिला आणायला निघालो.

गाडी परशरामची. तो उचगावचा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला आहे, आणि वसंताचा मित्र. त्याने त्या दिवशी रजा टाकली होती. मी मागचं दार उघडलं तर म्हणाला, "काका, फुडं बसा की. मागं बसलासा तर मला भाड्याच्या डायवरागत वाटतंय."

गाव सोडलं तशी दोन्हीकडे भातं दिसू लागली. पिवळी पडत आलेली, काही ठिकाणी आडवी झालेली.  परशराम म्हणाला, "गोव्याला जाऊन सुकं परत यायची ही माझी पयलीच खेप बघा. वसंताण्णाला कळलं असतं तर लई हसला असता."

मी हसलो. मंगळवारपासून पहिल्यांदाच.

जांबोटीला चहाला थांबलो. टपरी एका बाईंची होती. गरम भजी काढत होत्या. त्यांनी विचारलं, "गोव्याला जायलासा?"

"विमानतळावर, आक्का," परशराम म्हणाला. "पावणी येणार हाय."

"बेळगावात हाय की विमान."

"आज न्हाय."

"मग आमच्या एसटीगतच म्हणा. आली तर आली." त्यांनी भज्यांचा कागद पुढे केला. "खावा. घाटात काय मिळायचं न्हाय."

रेंज होती तोवर मी फोनवर विमानांचा नकाशा उघडला. हा नकाशा मला वसंताने शिकवला होता. त्यावर जगभरची विमानं पिवळ्या ठिपक्यांसारखी सरकत असतात. मीना आदल्या दुपारी कारखान्याजवळच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने निघाली होती. ते विमान नकाशावर आलंच नाही. रात्री आदिस अबाबाहून मुंबईचं मोठं विमान सुटलं ते आलं, समुद्राच्या काठापर्यंत दिसलं आणि पुसलं गेलं. आताही समुद्र रिकामा होता.

परशराम वाकून बघत होता. "कुठं गेलं ओ?"

"आहे वरच. दिसत नाही एवढंच."

त्याला मी समजावलं, जसं वसंताने मला समजावलं होतं. विमान सतत आपला ठावठिकाणा आकाशात पाठवत असतं. तो ऐकायला खाली कुणीतरी लागतं. हौशी माणसं आपापल्या गच्चीवर एक छोटी डबी आणि अँटेना लावतात, आणि त्या डब्यांनी ऐकलेलं एकत्र करून हा नकाशा होतो. युरोपात डब्याच डब्या. मलावीत मीनाच्या कारखान्याच्या आसपास एकही नाही. तिथे विमानं उडतात, पण नकाशावर आकाश कोरं. बेळगावचंही फार वेगळं नव्हतं. उंचावरून जाणारी विमानं दिसत. सांबऱ्याला उतरणारं विमान मात्र खाली आलं की दिसेनासं होई.

मीना पहिल्यांदा तिकडे गेली तेव्हा वसंत रात्रभर तिचं विमान बघत बसला होता. शेवटचा टप्पा दिसलाच नाही. पुढच्या सुट्टीत तिने येताना एक डबी आणली. बापलेकींनी गच्चीवर पाइप रोवून अँटेना चढवली आणि तिची वायर खाली आणून डबी मागांच्या खोलीतल्या विजेवर जोडली. तेव्हा तो मला म्हणाला होता, "तिथलं आपल्या हातात न्हाय रं. हितलं तरी दिसू दे."

जांबोटीनंतर जंगल सुरू झालं. वळणावळणावर धुकं, ओले दगड, मधूनच रस्त्यात बसलेल्या म्हशी. मी मनात पहिलं वाक्य जुळवत होतो. 'मीना, आप्पा गेले.' हे फार थेट वाटलं. 'मीना, तुला धीर धरायला हवा.' हे नाटकातलं वाटलं. आयुष्यभर पुस्तकांत राहिलो आणि मला चार शब्द लावता येईनात. परशरामला विचारलं तर तो म्हणाला, "आधी तिला चहा पाजू. मग बगू."

कणकुंबीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. "यल्लिग् होंटीरि?" (कुठे निघालात?)

परशरामने कन्नडमध्ये सगळं सांगितलं. पोलिसाने वाकून माझ्याकडे पाहिलं आणि हाताने जा म्हणून खूण केली. चोर्ल्याच्या उतारावर रेंज पूर्ण गेली. केरी, साखळी, डिचोली अशी गावं मागे पडली. डिचोलीला दोन-तीन तास थांबलो, मग नकाशा पुन्हा उघडला तेव्हा मुंबईहून निघालेलं तिचं विमान कोकणच्या किनाऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते हळूहळू आमच्याकडे येत होतं. ते जरा सावकाश यावं असं मला वाटलं.

मोप्याचा विमानतळ प्रशस्त आहे. बाहेर रंगीत टोप्या घातलेले पर्यटक, टॅक्सीवाल्यांचे फलक, हसणं. मीना एकच पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. डोळे सुजलेले. मला वाटलं, जागरण.

ती वाकली, पाया पडली. मी म्हणालो, "चल, आधी चहा घेऊ."

"काका, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला ठाऊक हाय."

मी परशरामकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्याने सांगितलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. तुम्ही माग बंद केलासा नव्हं?"

गाडीत मी मागे तिच्या शेजारी बसलो. तिने सांगितलं. मलावीत रोज कामावरून आल्यावर ती फोनवर वडगावची डबी बघायची. डबी चालू असली की नावापुढे हिरवा ठिपका असतो. आप्पांनी आज कुठली कुठली विमानं पकडली, ते दिसायचं. आदिस अबाबाला पुढच्या विमानाची वाट बघताना तिने सवयीने बघितलं. ठिपका करडा झाला होता.

"म्हटलं करंट गेला असंल. वडगावात जातोयच. पण तासाभरात येतोय. मी सारखी बघत ऱ्हायलो. विमानात चढायची वेळ झाली तरी करडाच. आपल्या घरात तेवढा वेळ मेन कवा पाडत्यात, ते मला ठाऊक हाय काका. आजोबा गेल्यावर मीच विचारलं होतं आप्पांना, स्विच का पाडला म्हणून." तिने पिशवी मांडीवर घेतली. "विमानतळावरनंच आईला फोन लावला. म्हटलं आप्पांना दे. झोपल्यात म्हणाली."

परशरामने गाडी हळू केली.

"विमानात शेजारी एक बाई होती, तिकडचीच. तिनं काय विचारलं न्हाय. आपली शाल माझ्या अंगावर घातली आन् रातभर हात धरून बसली."

परशरामने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून पाठमोरा उभा राहिला. मीना म्हणाली, "कवा नेलं?"

"काल संध्याकाळी."

"त्रास झाला त्यांना?"

"नाही. चहा मागितला आणि बसल्या बसल्याच गेला."

हे मात्र खरं होतं, आणि ते सांगताना मला एकदाही अडखळायला झालं नाही. घाट चढताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

वडगावला दारात वहिनी उभी होती. मायलेकी कितीतरी वेळ एकमेकींना धरून होत्या. मग वहिनीने माझ्याकडे पाहून विचारलं, "सांगितलंसा?"

मी मीनाकडे पाहिलं. "व्हय," तीच म्हणाली. "काकांनी सांगितलं."

गुरुवारी राख सावडली आणि खानापूरजवळ मलप्रभेत सोडली. मीना पाण्यात गुडघाभर उभी होती.

त्या संध्याकाळी ती आईला म्हणाली, "माग बंद ऱ्हाऊ देत. पण डबी मागावर चालत न्हाय. ती लावू?" वहिनी उठली. तिने स्वयंपाकघरातली मिक्सरची वायर काढली आणि म्हणाली, "हितनं लाव."

बाराव्यानंतर मीना सांबऱ्याहून गेली. त्या दिवशी विमान होतं. मी निपाणीला परतलो. वाटेत कधी नव्हे ते खिडकीतून वर बघत होतो. वसंत संध्याकाळी फोन करायचा, "आरं, अंगणात ये. आता तुझ्या डोक्यावरनं एक चाललंय, लई लांबचं हाय." मी पुस्तक उपडं ठेवून बाहेर जायचो आणि तो तिकडून विचारायचा, "दिसलं?" पुष्कळदा ढगांत काही दिसत नसे. तरी मी हो म्हणायचो, कारण पुढे तो मग ते कुठून निघालंय, कुठे जातंय, आत किती माणसं असतील, आपली कुणी असेल का, हे सगळं सांगत बसायचा. आकाशाकडे बघून एवढं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. वर असलेल्या आपल्या माणसाला खाली कुणी ऐकतंय की नाही, याची त्याला काळजी होती.

मीना मलावीत आहे, वहिनी वडगावला, मी निपाणीत. चारातले दोन माग विकले. डबी चालू आहे.