कॉलेजच्या पत्त्यावर रमी

आमच्या कॉलेजच्या वेबसाइटचं उद्घाटन झालं तेव्हा मॉनिटरला लाल फीत बांधली होती. अध्यक्षांनी ती कात्रीनं कापली, टेबलाच्या कडेवर नारळ फोडला, आणि पाणी कीबोर्डवर उडालं म्हणून मी ओरडलो, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले, जणू अपशकुन मीच केला. अंबड तालुक्यातलं हे कॉलेज. मी तिथं कॉम्प्युटर शिकवतो. इतकी वर्षं झाली, तरी तो दिवस आठवला की माझं डोकं फिरतं.

त्याआधी आठवडाभर मी अध्यक्षांना एकच गोष्ट सांगत होतो. इंटरनेटवरचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो शिक्षणसंस्थांसाठी वेगळा असतो. शेवटी एसी डॉट इन लागतं आणि ते कुणालाही मिळत नाही. विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्र लागतं, प्राचार्यांच्या सहीचा अर्ज लागतो, तिकडे कुणीतरी कागद तपासतं आणि मगच नाव देतं. उद्या आपण नूतनीकरण विसरलो तरी ते नाव बाजारात जात नाही. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि किती दिवस लागतील ते विचारलं. दोन-तीन आठवडे, म्हणालो. त्यांचा वाढदिवस चार दिवसांवर आला होता आणि उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या.

"दुसरं जल्दी मिळणारं न्हाई का एखादं?"

होतं की. डॉट कॉम. ते पानटपरीवाल्यालाही दहा मिनिटांत मिळतं. आम्ही तेच घेतलं.

फॉर्म मी भरला, माझ्या हातानं. मालकाचा मोबाइल आणि ईमेल विचारला होता, तिथं अध्यक्षांच्या पीएचा नंबर टाकला, ईमेलही त्याचाच. आमच्याकडे ही रीतच आहे. वीज मीटर असो की बँकेचं पत्र, संस्थेच्या कुठल्याच कागदावर साहेबांचा नंबर लिहायचा नाही. साहेबांना त्रास नको. ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येणार, पत्ता त्याचाच होणार, एवढं मला कळत होतं. पण मी तासिका तत्त्वावर होतो, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला फार कळलेलं चालत नाही. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

पुढं व्हायचं तेच झालं. पंचायत समितीच्या तिकिटावरून पीएचं आणि साहेबांचं फाटलं, आणि पीए विरोधी गटात गेला. नूतनीकरणाची मुदत जवळ आली तेव्हा मी ओटीपी मागायला जाफराबादला त्याच्या घरी गेलो. त्यानं चहा पाजला, माझ्या मुलांची चौकशी केली. माझ्यावर राग नाही, पण त्या माणसाच्या कामासाठी बोट हलवणार नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. परत येऊन मी साहेबांच्या कानावर घातलं. वेबसाइट बघतं कोण, म्हणाले. फीत कापताना फोटोग्राफर तीन आणले होते, तेव्हा बघणारे पुष्कळ होते.

मुदत संपली आणि कुठल्याशा लांबच्या माणसानं आमचं नाव उचललं. जिथं संस्थापकांचा हार घातलेला फोटो होता, तिथं चार एक्के आणि 'आता रमी खेळा' आलं. प्राचार्य म्हणाले, नोटीस बोर्डावर सूचना लावून टाका. इंटरनेटवरची गोष्ट नोटीस बोर्डावर! गेटवरच्या पाटीवर, दाखल्यांवर, गुणपत्रकांवर मात्र तोच जुना पत्ता छापलेला राहिला.

आणि मग ती आली, वडिलांना घेऊन. तीर्थपुरीकडच्या धनगर कुटुंबातली आमची माजी विद्यार्थिनी. तिचे वडील अजूनही मेंढरं घेऊन हिंडतात. लॅबमध्ये वीज नसली की ही पोरगी वहीवर प्रोग्रॅम लिहून मला दाखवायची, आणि ते बरोबर असायचे. पुण्यातल्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं. कंपनीच्या लोकांनी पडताळणीसाठी तिच्या दाखल्यावरच्या पत्त्यावर मेल केला, तो परत गेला. मग त्यांनी वेबसाइट उघडली. तिला कळवलं की अशी शिक्षणसंस्था आहे याची खात्री होत नाही, दहा दिवसांत खुलासा करा.

ती खाली मान घालून बसली होती. बोलले ते वडीलच.

"तीन वर्षं रोज इथंच येत व्हती ना सर पोरगी? तुमी इथंच शिकवून राह्यले. मंग कॉलेज खोटं कसं?"

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई सभ्यपणे बोलली. लेटरहेड कुणीही छापतो, फुकटचा ईमेल कुणीही उघडतो, पत्र संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावरूनच यायला हवं, म्हणाली. तिचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला.

त्याच दिवशी मी एसी डॉट इनचा अर्ज तयार केला. प्राचार्यांनी साहेबांना विचारल्याशिवाय सही करायला नकार दिला. साहेब सहाव्या दिवशी भेटले. त्यांना चिंता एकच: नवीन नावात त्यांच्या वडिलांचं नाव पूर्ण आलं पाहिजे, आणि तसा ठराव कार्यकारिणीत झाला पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर आवाज चढवला.

"साहेब, पोरीची नोकरी जाऊन राह्यली."

आवाज खाली घ्या, म्हणाले. बैठक बाराव्या दिवशी झाली. ठरावाला सूचक होता, अनुमोदक होता, टाळ्या झाल्या, चिवडा झाला. त्या पोरीचा उल्लेख कुणी केला नाही. चौथा आठवडा संपता संपता नाव मिळालं आणि त्या पत्त्यावरून पहिला मेल मी तिच्याच पडताळणीचा पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: आभारी आहोत, पडताळणी पूर्ण झाली, ती जागा भरली आहे.

सध्या ती जालन्यात एका बियाणं कंपनीत पाकिटं भरण्याच्या विभागात आहे.

यंदा जूनमध्ये नेहमीप्रमाणे आम्हा शिक्षकांना गावं वाटून दिली. आपापल्या गावांतून विद्यार्थी आणायचे, नाही आणले तर तुकडी बंद आणि तासिकाही बंद. तीर्थपुरीची बाजू माझ्याकडे आली. तिच्या दारात गेलो तेव्हा ती सुट्टीवर घरीच होती. धाकटी बहीण बारावी झाली होती. प्रवेशाचे फॉर्म माझ्या पिशवीत होते.

"हिला आपल्या कॉलेजात टाकू का सर?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. ती खरंच माझा सल्ला मागत होती.

"नको," मी म्हणालो. "संभाजीनगरला पाठव. तिथल्या वसतिगृहाचा फॉर्म मी भरून देतो."

वडील बाजेवर बसले होते.

"मंग सर," ते म्हणाले, "तुमी तिथं काय करून राह्यले?"

मी पिशवी उचलली आणि पुढच्या घराकडे न जाता सरळ बसस्टँडवर आलो.