रुमालाखालचा कॉम्प्युटर
डांबरगोळ्यांचा वास आला की मला कॉलेजच्या ग्रंथालयातला तो झाकलेला कॉम्प्युटर आठवतो आणि डोकं तापतं. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांवर मी पीएच.डी. करायला निघाले होते. महिनाभर मोबाइलवर शोधलं, तर सापडले काय, ट्रॅक्टरचे भाव आणि लग्नातल्या नाचाचे व्हिडिओ. मग मी आराखड्यात ठणकावून लिहिलं, ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.’ आराखड्याच्या सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी पुस्तकं परत करायला गेले, तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी आराखडा सहज चाळला आणि त्या वाक्यापाशी थांबल्या. “कुठी पाह्यलं वं तुनं?” “नेटवर, मॅडम. काहीच नाही.” त्यांनी कॉम्प्युटरवरचा विणलेला रुमाल काढला, रजिस्टरच्या मागच्या पानावरून पासवर्ड बघून विद्यापीठाचा डेटाबेस उघडला. दोन अख्खे प्रबंध आणि लेखांची ही लांबलचक यादी! “हे मोबाइलमंदी नाई दिसत पोरी, याले पासवर्ड लागते. मले काहून नाई विचारलं?” “पण असं काही आहे, हे कुणी सांगितलं का आम्हाला?” मी जवळजवळ ओरडलेच. “सूचना लावेल हाय ना,” त्या शांतपणे म्हणाल्या. सूचना खरंच लावलेली होती, कुलूपबंद कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं. त्या दुपारी मी आराखडा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. आता मीच मार्गदर्शक आहे. काल एका विद्यार्थिनीनं तिचा आराखडा माझ्यापुढे ठेवला. विषय तोच, वाक्यही तेच, ‘आजवर संशोधन झालेले नाही.’ माझा प्रबंध त्याच डेटाबेसात आहे.